विश्लेषण : टॉम बॉम्बाडिल देव होता का? टॉल्किन यांनी हे कोडे न सोडवताच का ठेवले?

'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेचे दुसरे पर्व २०२४ मध्ये आले आणि एका जुन्या वादाला नव्याने तोंड फुटले. पुस्तकात निळा कोट, पिवळे बूट घालून गाणी म्हणत हिंडणारा टॉम बॉम्बाडिल या पर्वात दिसला. पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ दरम्यानच्या आपल्या तीन चित्रपटांतून त्याला वगळले होते. हा टॉम म्हणजे देव, देवदूत, निसर्गशक्ती की आणखी कोणी, यावर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे वाचक १९५४ पासून डोके लढवत आहेत. लेखक जे. आर. आर. टॉल्किन त्यानंतर १९ वर्षे हयात होते. वाचकांच्या शंकांना ते पानेच्या पाने उत्तरे लिहीत. तरी या एका प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिले नाही. असे का झाले, हे त्यांचे आयुष्य पाहिल्यावर बरेचसे उलगडते.

'फॅन थिअरी' म्हणजे काय?

पुस्तकात लेखकाने सोडलेली मोकळी जागा वाचकाने पुस्तकातलेच पुरावे जोडून भरायची, म्हणजे फॅन थिअरी. टॉल्किन यांच्या बाबतीत अशा थिअरींची कमतरता नाही. बालरॉग या अग्निराक्षसाला खरे पंख होते की ती पंखांसारखी सावली होती? अंगठी ज्वालामुखीत टाकायची होती, तर फ्रोडोला गरुडावर बसवून थेट तिथे का नेले नाही? गँडाल्फ मेला आणि परत आला, तर त्याला परत पाठवले कोणी?

या सगळ्यांत बॉम्बाडिलचे कोडे सर्वात अवघड. ज्या अंगठीपुढे राजे आणि जादूगार डळमळतात, ती तो हातात घेतो, बोटात घालतो आणि त्याला काहीच होत नाही. फ्रोडो अंगठी घालून अदृश्य होतो, तेव्हाही टॉमला तो स्पष्ट दिसतो. आपण नद्या आणि झाडांच्याही आधीचे आहोत, असे टॉमचे म्हणणे. त्यामुळे तो साक्षात ईश्वर असावा, असा तर्क पहिल्या वाचकांपासूनच सुरू झाला. कोणी त्याला देवगणांपैकी एक मानतो, कोणी भूमीचा आत्मा. तो मुळात दुष्ट शक्ती असून भोळेपणाचा आव आणतो, अशीही एक थिअरी आहे.

टॉल्किन कोण होते?

जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी आजच्या दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफोंटेन येथे झाला. वडील बँकेत व्यवस्थापक होते. आई मेबल १८९५ मध्ये दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली. वडील मागाहून येणार होते, पण फेब्रुवारी १८९६ मध्ये आफ्रिकेतच त्यांचे निधन झाले.

मायलेक बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात राहिले. पाणचक्की, ओढा, झाडी असा तो परिसर. पुढे हॉबिटांचा 'शायर' उभा राहिला तो याच आठवणींवर. १९०० मध्ये मेबल यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि नातेवाइकांनी मदतीचा हात आखडता घेतला. १९०४ मध्ये मधुमेहाने त्यांचा मृत्यू झाला. इन्सुलिनचा शोध अजून लागायचा होता. बारा वर्षांच्या रोनाल्डचे आणि धाकट्या भावाचे पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंकडे आले. आईने धर्मासाठी किंमत मोजली, ही जाणीव टॉल्किन यांना जन्मभर राहिली. आपल्या कल्पित जगातील देवांविषयी ते इतके काटेकोर का होते, याचे एक कारण इथे आहे. देवाविषयी गमतीतही चुकीचे काही लिहिले जाऊ नये, हा त्यांच्यासाठी घरचा प्रश्न होता.

मित्राच्या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिले होते?

टॉल्किन यांचा खरा ओढा भाषांकडे होता. फिनिश आणि वेल्श या भाषांच्या नादमाधुर्याने ते भारावले आणि त्यांच्या धर्तीवर स्वतःच्या भाषा रचू लागले. पुढे एल्फ लोकांच्या तोंडी आलेल्या क्वेन्या आणि सिंडारिन या त्या भाषा. जुन्या इंग्रजीतील एका धार्मिक काव्यात त्यांना एआरेन्डेल हे नाव सापडले. त्यावरून त्यांनी १९१४ मध्ये आकाशात नौका हाकणाऱ्या एका दर्यावर्दीची कविता लिहिली. शाळेपासूनचा मित्र जेफ्री बाख स्मिथ याने ती वाचून विचारले, की ही नेमकी कशाबद्दल आहे? टॉल्किन यांनी सांगितले, की ते आपल्यालाही ठाऊक नाही, पण शोधून काढू.

हे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. लेखक म्हणजे गोष्ट रचणारा, असे आपण मानतो. टॉल्किन मात्र ती कुठेतरी आधीपासून आहे आणि आपण ती उकरून काढत आहोत, अशा थाटात लिहीत. जुन्या हस्तलिखितांतील एका शब्दावरून हरवलेल्या समाजाचा अंदाज बांधायचा, हा भाषाशास्त्रज्ञाचा रोजचा उद्योग. तीच पद्धत त्यांनी कल्पनेतल्या जगाला लावली.

युद्धाने काय हिरावले?

टॉल्किन, स्मिथ, रॉब गिल्सन आणि ख्रिस्तोफर वाइजमन या चौघांचा शाळेत गट होता. आपण काहीतरी मोठे करणार, असा या पोरांचा विश्वास होता. पहिल्या महायुद्धात चौघेही लष्करी सेवेत गेले. १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, गिल्सन मारला गेला. डिसेंबरमध्ये बॉम्बगोळ्याच्या जखमेने स्मिथ गेला. लँकेशायर फ्युझिलियर्स पलटणीत संदेशवहन अधिकारी असलेले टॉल्किन खंदकज्वराने आजारी पडून नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला परतले होते. उवांमुळे पसरणाऱ्या या तापाने बहुधा त्यांचा जीव वाचवला.

त्याच सुमारास एका वहीत त्यांनी गोंडोलिन या एल्फ नगरीच्या पाडावाची कथा लिहिली. पत्नी एडिथशी त्यांचे लग्न २२ मार्च १९१६ रोजी झाले होते. त्याआधी पालक फादर मॉर्गन यांनी २१ वर्षांचा होईपर्यंत तिला भेटण्यास आणि पत्र लिहिण्यास मनाई केली होती. टॉल्किन यांनी ती पाळली आणि एकविसाव्या वाढदिवशीच तिला पत्र धाडले. १९१७ मध्ये यॉर्कशायरमधील रूस गावाजवळच्या झाडीत एडिथ त्यांच्यासाठी नाचली. त्यातून मर्त्य मानवावर प्रेम करणाऱ्या लुथिएन या अमर एल्फ कन्येची कथा सुचली.

त्यांच्या जगात देव किती आणि कसे?

या कथा वाढत जाऊन 'सिल्मरिलियन' तयार होऊ लागले. त्यात सर्वोच्च स्थानी एरू इलुव्हातार हा एकच ईश्वर आहे. त्याने प्रथम आइनूर हे आत्मे निर्माण केले आणि त्यांच्या गायनातून विश्वाचा आराखडा उमटला. मेल्कोर नावाच्या सर्वात बलाढ्य आत्म्याने त्या गायनात बेसूर मिसळला आणि जगात दुष्टत्व आले. जगात उतरलेल्या थोर आत्म्यांना व्हालार म्हणतात. त्यांच्यात ७ पुरुष आणि ७ स्त्रिया. त्यांच्या हाताखाली मायार. गँडाल्फ, सारुमान, खलनायक साउरॉन आणि बालरॉग हे सगळे मूळचे मायारच.

इथे दोन नियम फार महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे, जीव निर्माण करण्याची शक्ती फक्त एरूकडे. दुष्टांना फक्त विटंबना करता येते. दुसरा, एरू स्वतः देह धारण करून जगात वावरत नाही. १९५६ च्या सुमारास एका पत्रात टॉल्किन यांनी हा दुसरा नियम स्पष्ट सांगितला. बॉम्बाडिल म्हणजे ईश्वर, ही सर्वात लोकप्रिय थिअरी या नियमामुळे बाद होते.

मग बॉम्बाडिल आला कुठून?

खेळण्यांच्या पेटीतून. टॉल्किन यांचा दुसरा मुलगा मायकल याच्याकडे टोपीत पीस खोवलेली एक डच बाहुली होती. थोरल्या जॉनला ती आवडत नसे, म्हणून त्याने एकदा ती शौचकूपात कोंबली. बाहुली वाचवण्यात आली आणि टॉल्किन मुलांना तिच्या गोष्टी सांगू लागले. १९३४ मध्ये 'ऑक्सफर्ड मॅगझिन'मध्ये टॉमची कविता छापून आली. तेव्हा ते ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. त्याआधी १९१९-२० मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या कार्यालयात शब्दांच्या व्युत्पत्ती शोधण्याचे कामही त्यांनी केले होते.

'द हॉबिट' २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध झाले. त्याआधी प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले होते आणि अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग दिला होता. पुस्तक खपू लागताच पुढचा भाग मागण्यात आला. ऑक्सफर्ड आणि बर्कशायरच्या नाहीशा होत चाललेल्या ग्रामीण भागाचा आत्मा म्हणून टॉमलाच नायक करावे का, असे टॉल्किन यांनी अन्विन यांना विचारले. तसे झाले नाही. पण नवी कादंबरी सुरू झाली, तेव्हा टॉम पहिल्याच टप्प्यात वाटेत उभा राहिला. म्हणजे तो या जगासाठी घडवलेला नाही. दुसऱ्या गोष्टीतून इथे आलेला पाहुणा आहे. त्याला कोणत्याच चौकटीत बसवता येत नाही, त्याचे कारण बरेचसे हेच.

लेखकाला आपली पात्रे माहीत नव्हती?

काही नव्हती. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहायला सुमारे १२ वर्षे लागली. ब्री गावच्या खानावळीत कोपऱ्यात बसलेला गूढ माणूस, जो पुढे राजा ॲरागॉर्न ठरला, तो सुरुवातीच्या मसुद्यात लाकडी बूट घालणारा एक हॉबिट होता. तो कोण, हे त्या वेळी टॉल्किन यांनाही माहीत नव्हते. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांना १९५५ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले.

याहून गमतीचा प्रकार 'द हॉबिट'चा. १९३७ च्या आवृत्तीत गोलम कोड्यांच्या पैजेत आपणहून अंगठी द्यायला तयार असतो. नव्या कादंबरीत तीच अंगठी सर्वनाशी ठरल्याने हा प्रसंग विसंगत झाला. टॉल्किन यांनी तो बदलला आणि १९५१ च्या आवृत्तीत नवा प्रसंग आला. सॉफ्टवेअरच्या भाषेत हा 'बग फिक्स'. पण जुना प्रसंग त्यांनी फेकून दिला नाही. बिल्बोने आधी खोटे सांगितले होते आणि ते खोटेही अंगठीच्या दुष्प्रभावामुळेच होते, असे त्यांनी नव्या कादंबरीत घालून टाकले. लेखकाची चूक हाच कथेतला पुरावा झाला. एकदा लेखकाने असे केले, की वाचकही प्रत्येक विसंगतीत सुगावा शोधू लागतो.

वाचकांना त्यांनी काय उत्तरे दिली?

कादंबरीचे तीन खंड २९ जुलै १९५४, ११ नोव्हेंबर १९५४ आणि २० ऑक्टोबर १९५५ रोजी बाजारात आले. पहिला खंड येण्याआधीच, एप्रिल १९५४ मध्ये, लेखिका नाओमी मिचिसन यांना टॉल्किन यांनी कळवले, की पुराणकाळातही काही कोडी राहणारच आणि बॉम्बाडिल हे जाणूनबुजून ठेवलेले कोडे आहे.

त्याच वर्षी ऑक्सफर्डमधील एका कॅथलिक पुस्तकदुकानाच्या व्यवस्थापकाने तीन धारदार शंका विचारल्या. टॉम म्हणजे ईश्वर का? दुष्ट शक्तीने ट्रोल राक्षस निर्माण केले, हे देवाच्या अधिकारात ढवळाढवळ नाही का? एल्फ पुन्हा जन्म घेतात, हे धर्मात बसते का? टॉल्किन यांनी उत्तराचा भला मोठा मसुदा लिहिला. टॉम ईश्वर नाही, त्याला तत्त्वज्ञानाच्या चौकटीत घालू नये आणि लेखकाला निर्मितीचे काही स्वातंत्र्य हवे, असा त्याचा आशय. मात्र हे पत्र त्यांनी पाठवलेच नाही. आपण स्वतःला फार महत्त्व देतो आहोत, असे त्यांना वाटले.

इतर काही थिअरींवर त्यांनी थेट पाणी टाकले. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब आणि कथा म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचे रूपक, हा अर्थ त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नाकारला. गरुड हे लेखकासाठी धोकादायक साधन आहे, ते जपून वापरावे लागते, असे १९५८ मध्ये एका चित्रपट आराखड्यावर टीका करताना त्यांनी लिहिले. गँडाल्फ हा देहधारी देवदूत असून त्याला व्हालारांच्याही वरच्या सत्तेने परत पाठवले, हेही त्यांनी एका धर्मगुरू मित्राला कळवले.

ऑर्कचा प्रश्न इतका का छळत राहिला?

बॉम्बाडिलचे कोडे त्यांनी आनंदाने तसेच ठेवले. ऑर्कचे मात्र त्यांना सोडवायचे होते आणि ते सुटले नाही. ऑर्क म्हणजे साउरॉनचे क्रूर सैनिक. दुष्टाला जीव निर्माण करता येत नाही, तर हे आले कुठून? छळ करून बिघडवलेले एल्फ, असे उत्तर त्यांनी आधी दिले. पण मग ऑर्कला आत्मा आहे. आत्मा असेल तर तो सुधारण्याच्या पलीकडे कसा? आणि कथेचे नायक त्यांना निर्धास्तपणे कापून काढतात, त्याचे काय?

सोमच्या खंदकात राहिलेल्या माणसासाठी हा कोरडा प्रश्न नव्हता. दुसऱ्या महायुद्धात मुलगा ख्रिस्तोफर हवाई दलात होता. १९४४ मध्ये त्याला लिहिताना टॉल्किन यांनी बजावले होते, की खऱ्या युद्धात ऑर्क दोन्ही बाजूंना असतात. उतारवयात त्यांनी ऑर्कसाठी एकामागून एक पर्याय मांडले. ते पशू असावेत आणि पढवलेल्या पोपटासारखे बोलत असावेत. ते बिघडवलेली माणसे असावीत. त्यांच्यात काही मायार मिसळले असावेत. माणसे मानावीत, तर माणूस जन्मण्याआधीच ऑर्क होते, म्हणून सगळी कालगणना हलवावी लागत होती. सपाट पृथ्वी गोल झाल्याची जुनी कथाही आता त्यांना खटकू लागली. एक धागा ओढला की सगळी वीण सुटायची. 'सिल्मरिलियन' पूर्ण न होण्यामागे हे एक मोठे कारण ठरले.

अखेरच्या वर्षांत काय झाले?

१९६५ मध्ये अमेरिकेत स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि कादंबरी विद्यापीठांत वेगाने पसरली. वेळेतील फरकाचे भान नसलेले चाहते मध्यरात्री फोन करू लागले. १९६८ मध्ये टॉल्किन दाम्पत्य बोर्नमथला गेले आणि त्यांनी पत्ता व फोन क्रमांक गुप्त ठेवला. २९ नोव्हेंबर १९७१ रोजी एडिथ यांचे निधन झाले. टॉल्किन ऑक्सफर्डला परतले.

ऐंशी वर्षांचा हा एकटा गृहस्थ तेव्हाही टाचणे लिहीतच होता. गोंडोलिनच्या जुन्या कथेत ग्लॉरफिंडेल नावाचा एल्फ बालरॉगशी लढून मरतो. त्याच नावाचा एल्फ पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये जिवंत भेटतो. हे दोघे एकच का? नाव अनवधानाने पुन्हा वापरले गेले होते. १९७२-७३ मध्ये टॉल्किन यांनी निकाल दिला, की होय, तो एकच. देवांनी त्याला देह देऊन परत पाठवले. पूर्वेकडे गेलेल्या दोन निळ्या जादूगारांबद्दल १९५८ मध्ये त्यांनी एका वाचकाला कळवले होते, की ते बहुधा अपयशी ठरले. आता त्यांचे मत फिरले. त्या दोघांनी शत्रूला पूर्वेत गुंतवून ठेवले, म्हणूनच पश्चिमेचा विजय शक्य झाला, असे त्यांनी लिहून ठेवले. इतकी वर्षे अपयशाचा शिक्का बसलेल्या दोन पात्रांना त्यांनी मरणाआधी न्याय दिला.

२ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, बोर्नमथ येथे त्यांचे निधन झाले.

मग खरी आवृत्ती कोणती?

ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी कागदांच्या ढिगातून १९७७ मध्ये 'द सिल्मरिलियन' प्रकाशित केले. एकसंध पुस्तक करायचे, तर परस्परविरोधी मजकुरातून एक निवडणे भाग होते. म्हणून त्यात ऑर्क हे बिघडवलेले एल्फच राहिले. पुढे १९८३ ते १९९६ या काळात त्यांनी १२ खंडांत मूळ मसुदे छापले. त्यातून वाचकांना कळले, की अनेक प्रश्नांना एकच अंतिम उत्तर नाहीच. आहेत ती वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली उत्तरे.

त्यामुळे फॅन थिअरी तपासण्याचा व्यवहार्य मार्ग असा : प्रकाशित कादंबरीशी ती जुळते का, टॉल्किन यांनी त्या विषयावर पत्रात किंवा टिपणात काही लिहिले आहे का आणि ते कोणत्या वर्षी, हे पाहायचे. या कसोटीवर टॉम ईश्वर नाही, एवढे नक्की ठरते. तो कोण आहे, हे ठरत नाही. ऑर्कच्या बाबतीत उत्तर हुकले, कारण तिथे न्याय-अन्यायाचा प्रश्न होता आणि तो टाळणे त्यांना पटत नव्हते. टॉमच्या बाबतीत कोणाचेच काही अडत नव्हते. मुलांच्या खेळण्यातल्या त्या टोपीवाल्याला त्यांनी तसेच मोकळे सोडले.

ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत एडिथ आणि टॉल्किन यांची एकच कबर आहे. एडिथ यांच्या नावाखाली लुथिएन आणि त्यांच्या नावाखाली लुथिएनचा प्रियकर बेरेन, असे कोरलेले आहे. कोणते पात्र कोणावरून घेतले, याचे उत्तर टॉल्किन यांनी निदान या एका ठिकाणी स्वतःच देऊन ठेवले आहे.